थाइमच्या बाटलीतला ओवा

लेक पुण्याला राहायला गेल्यावर तिथून थाइमची लहानशी बाटली घेऊन आली. वाळलेली, बारीक, करडी पानं. बोटांत चोळून नाकाशी नेली आणि मी म्हणाले, "अगं, हा तर ओव्याचा वास!" तिला पटेना. थाइम पुदिना-तुळशीच्या कुळातलं, ओवा जिऱ्या-कोथिंबिरीच्या. पण दोघांच्या तेलात थायमॉल आहे. जर्मन रसायनतज्ज्ञ कास्पर नॉयमान यांनी 1719 मध्ये तो थाइमच्या तेलातून वेगळा काढला. पुढे पहिल्या महायुद्धाआधी त्यासाठी आपल्याकडचा ओवाच जर्मनीला जाई.

अहमदपूरच्या आमच्या घरी ओव्याशिवाय धपाटी होत नाहीत. ज्वारीचं पीठ, बेसन, तीळ, लसूण-मिरचीचा ठेचा, आणि ओवा तळहातावर चोळूनच घालायचा. चोळला की दाण्यातलं तेल सुटतं. अख्खा घातला तर नुसता दाताखाली येतो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात कोपीपुढं भज्जी, आंबील, उंडे आग्रहानं खाऊन माणसं जड झाली की सासूबाई ज्याच्या-त्याच्या हातावर चिमूटभर ओवा नि काळं मीठ ठेवत.

फडताळात अमृतधारेची बाटली असायचीच. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल, म्हणजे हाच थायमॉल. तिन्ही कोरडे खडे एकत्र ठेवले की पाणी न घालता त्यांचं पाणी होतं. लहानपणी मला ती जादूच वाटे. पोट दुखलं की बत्ताशावर एखादा थेंब, जास्त नाही. ते फार जहाल असतं.

लेक बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा मात्र मी अडून बसले. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशोप टाकून बाळाला धुरी द्यायची, असं थोरल्या जाऊबाईंचं म्हणणं. "आपली सगळी लेकरं धुरीवरच वाढली की!" त्यांची माया मला कळत होती, पण खोलीभर धूर आणि त्यात एवढासा जीव! तान्ह्याच्या छातीला धूर बाधतो. मी म्हटलं, "जाऊबाई, बाळाला धुरी नको. लेकीची कंबर तुम्हीच शेका." मग त्यांनी ओवा तव्यावर भाजला, सुती फडक्यात पुरचुंडी बांधली, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिली. जेवणानंतर लेकीला भाजलेला ओवा नि शोप द्यायचं कामही त्यांनी कुणाला करू दिलं नाही.