ताची आवय खंय आसा?

१८ जुलै २०२५ ची सकाळ. मोरजीत पाऊस धो धो कोसळत होता, वीज जाऊन-येऊन होती, आणि मी लॅपटॉपची बॅटरी राखून ठेवत मोबाईलवर बातम्या चाळत होतो. त्यात दिसलं, फेलिक्स बाउमगार्टनर गेला. आदल्याच दिवशी इटलीच्या किनाऱ्यावर मोटर लावलेल्या पॅराग्लायडरवरून कोसळून. वय ५६.

समोर चहा घेत बसलेल्या भाचीला मी बातमी दाखवली. तिने ती दोनदा वाचली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामा, ही आईला दाखवू नकोस हं."

कारण असं की, त्याच आठवड्यात तिने घरात जाहीर केलं होतं, "मला स्कायडायव्हिंग शिकायचंय." वय १९. परवानगीची तशी गरज नाही, पण आईचा होकार तिला हवा होता. तो मिळवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. ताईने मात्र एका वाक्यात विषय संपवला होता. "आमच्या घरातलं एक माणूस वरून पडलंय, तेवढं पुरे."

ते माणूस म्हणजे आमचे पपा. पपा पाडेली. मोरजी, आश्वे, मांद्रे या पट्ट्यातल्या कितीतरी बागांतले नारळ त्यांनी उतरवले. मी सहावीत असताना, पावसाळा तोंडावर आलेला, पहिल्या सरीने निसरड्या झालेल्या माडावरून त्यांचा पाय सुटला. कमरेचं हाड मोडलं. सहा महिने अंथरुणावर होते. नंतर चालू लागले, पण माडावर पुन्हा चढले नाहीत. माझं इंजिनीअरिंगचं शिक्षण झालं ते आईने काजूच्या कारखान्यात केलेल्या कामावर आणि ताईने बारावीनंतर धरलेल्या नोकरीवर. त्यामुळे ताईच्या त्या एका वाक्याचं वजन मला माहीत आहे.

बाउमगार्टनरची ती गाजलेली उडी आम्ही घरात सगळ्यांनी मिळून पाहिली होती. १४ ऑक्टोबर २०१२, रविवार. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या, म्हणून मी घरी आलो होतो. डोंगलला लावलेलं नेट, अडखळत चालणारं यूट्यूब आणि रात्रीचे साडेअकरा. अमेरिकेतल्या रॉसवेल गावावर, जमिनीपासून सुमारे ३९ किलोमीटर उंचीवर, हेलियमच्या फुग्याला टांगलेल्या कुपीच्या दारात तो उभा होता. पृथ्वीची कड वाकलेली दिसत होती आणि वर काळंभोर आकाश.

आजी तेव्हा होती. तिने चष्मा पुसला, पडद्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताची आवय खंय आसा?"

आम्ही हसलो. आणि थोड्याच वेळात पडद्यावर खरंच त्याची आई दिसली, रॉसवेलमध्ये बसून वर डोळे लावलेली. आजी काही बोलली नाही, फक्त हात जोडले. पपा माडावर असताना ती अंगणाच्या कडेला अशीच उभी राहायची. अगदी खाली नाही, नारळ डोक्यात पडेल म्हणून. पण पाय दिसतील इतक्या अंतरावर.

मग त्याने उडी मारली. पन्नासेक सेकंदांत त्याचा वेग ताशी १,३५७ किलोमीटरच्या वर गेला, म्हणजे ध्वनीच्या सव्वापट. इतक्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की पडणाऱ्याला अडवायला जवळजवळ काहीच नसतं. पण तेच संकटही असतं. हवाच नाही तर हातपाय हलवून तोल सावरायचा कशाच्या आधारावर? तो गरगर फिरू लागला. असा भोवरा थांबला नाही तर रक्त डोक्याकडे ढकललं जातं आणि माणूस शुद्ध हरपतो. त्यासाठी एक छोटी छत्री बसवलेली होती. सलग सहा सेकंद ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ताण आला तर ती आपोआप उघडणार होती. तिची वेळ आली नाही. खाली दाट हवा लागली, त्याने स्वतःच तोल सावरला आणि नऊएक मिनिटांत दोन पायांवर उतरला.

पपा इतका वेळ गप्प होते. एवढंच म्हणाले, "चडपाक भंय ना. देंवपाक आसा." चढताना भीती नसते, उतरताना असते.

त्या रात्री मला तो माणूस निर्भय वाटला होता. नंतर वाचलं तेव्हा कळलं की तो त्या दाबाच्या बंदिस्त सूटला घाबरायचा. त्यात तासन्‌तास कोंडून बसायचं या कल्पनेनेच त्याचा जीव गुदमरायचा. २०१० मध्ये तर तो एक चाचणी टाळून सरळ घरी निघून गेला होता. मानसतज्ज्ञाची मदत घेऊन तो परत आला. आणि उडीच्या दिवशी त्याच्या कानात आवाज होता जो किटिंजर यांचा. १९६० मध्ये ३१ किलोमीटरवरून उडी मारणारे हे गृहस्थ तेव्हा ८४ वर्षांचे होते. यादीतलं एकेक काम ते वाचत होते आणि हा पुरं करत होता. ५२ वर्षं टिकलेला आपलाच विक्रम मोडायला ते मदत करत होते.

दोन वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०१४ ला, आपल्याकडे दिवाळीचा पाडवा होता, त्या दिवशी हा विक्रमही मोडला. मोडणारा होता आमच्याच धंद्यातला. ॲलन युस्टेस, गूगलचे वरिष्ठ उपाध्यक्ष, वय ५७. कुपी नाही, काही नाही. सूट घालून थेट फुग्याला लोंबकळत ते ४१ किलोमीटरवर गेले. पण भोवरा होऊ नये म्हणून त्यांनी सुरुवातीपासूनच छोटी छत्री वापरली. त्यामुळे उंचीचा विक्रम त्यांच्या नावावर गेला, पण वेगाचा बाउमगार्टनरकडेच राहिला. ठरवून उडी मारून ध्वनीपेक्षा वेगाने पडलेली माणसं माझ्या माहितीत ही दोनच. सॉफ्टवेअर बिघडलं तर आम्ही जुनी आवृत्ती परत चढवतो. इथे तशी सोय नाही, म्हणून युस्टेस यांनी जवळजवळ तीन वर्षं तयारीत घातली.

भाचीला मात्र ध्वनी-बिनी काही गाठायचं नव्हतं. तिच्या मोबाईलवर फोटो होता पुण्याच्या शीतल महाजन यांचा, २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून मारलेल्या उडीचा. शीतलताईंनी आयुष्यातली पहिलीच उडी १८ एप्रिल २००४ ला थेट उत्तर ध्रुवावर मारली, उणे ३७ अंश तापमानात. मग २००६ मध्ये दक्षिण ध्रुव, २०११ मध्ये पद्मश्री, आणि २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी. तोवर त्या दोन मुलांच्या आई होत्या. "त्यांच्याही घरी कोणीतरी नको म्हणालंच असेल ना मामा?"

मी तिला म्हटलं, "बातमी लपवायची नाही. आईला आधी तीच दाखवू."

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दाखवली. ताई बराच वेळ मोबाईलकडे पाहत राहिली. मग मी भाचीकडून लिहून घेतलेली यादी पुढे ठेवली. प्रशिक्षक कोण, त्याच्या उड्या किती? मुख्य छत्री उघडली नाही तर राखीव कोण घडी करून ठेवतो, कधी तपासतो? माणूस बेशुद्ध पडला तर ती आपोआप उघडणारं यंत्र आहे का? वारा किती असला की उड्डाण बंद? पहिल्या उडीला सोबत प्रशिक्षक बांधलेला असेल ना? ज्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही, तिथे जायचं नाही, असं ठरलं.

पपांनी यादी माझ्याकडून वाचून घेतली. मग म्हणाले, "त्या दिवशी माड ओला होता हे मला दिसत होतं. पण बागवाल्याला शब्द दिला होता, म्हणून चढलो." इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ताईलाही नाही. मग भाचीला म्हणाले, "वर गेल्यावरसुद्धा नको म्हणता यायला हवं. तेवढं येत असलं तर जा."

भाचीने यादीच्या शेवटी तेही लिहून घेतलं.

ताईने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. भांडी घासायला उठली. ओट्याकडे पाठ करून उभी असताना तिने विचारलं, "ती उतरते तिथे खाली माणसांना उभं राहू देतात का?"

"देतात. थोडं लांबून."

"सावली असते?"

ते मला माहीत नव्हतं. भाचीने यादीत तो प्रश्नही घातला.