अक्षराचे पोट

मेहकरातील एका रेडियमच्या दुकानापाशी मी रेंगाळलो, तो तेथील मुलाच्या हातातील बारीक पात्यामुळे. प्लॉटरने व्हिनाइलच्या तावावर अक्षरे कापून दिली होती, आणि ज्या काचेवर ती उमटायची होती ती कोणा डॉक्टरांच्या दाराची काच भिंतीशी पुसून उभी केलेली होती. त्याने शिरोरेषेच्या टोकाशी पाते रुतवून हलकेच ओढले, तेव्हा अख्खा शब्द एकसंध उचलून आला. मागे उरली ती शब्दाच्या आकाराची पोकळी, आणि त्या पोकळीत कशालाही न जोडलेली, तरीही आपापल्या स्थानी चिकटून राहिलेली ‘व’ची, ‘क’ची, ‘प’ची पोटे. “पोट जपा लागते, काका,” मान वर न करता तो म्हणाला, “पोट उडालं का अक्षर भरून जाते.”

या पोटांनी छापा कापणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या छळले आहे. 1925 च्या कायद्याने सरकी काढून दाबलेल्या रुईच्या प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण सक्तीची केली, आणि खामगावसारख्या कापसाच्या पेठा असलेल्या या वऱ्हाडात अशा खुणा उमटवायचे पत्र्याचे छापे कोणाला नवे नव्हते. परंतु पत्र्यात पोट अधांतरी राहू शकत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराला आडवे बंध ठेवावे लागतात आणि छापलेले अक्षर ठिकठिकाणी तुटते. आपल्या लिपीत तर शिरोरेषा ‘प’, ‘म’, ‘य’ यांना वरून बंद करून आणखी पोटे निर्माण करते. जपानी कारागिरांनी, तुतीच्या सालीच्या आणि आपल्या तेंदूच्याच कुळातील एका फळाच्या रसाने पक्क्या केलेल्या कागदाचे छापे कापताना, अशी बेटे केसांच्या वा रेशमाच्या तंतूंनी जागेवर धरून ठेवली. त्या धीरापुढे मला नेहमीच नतमस्तक व्हावेसे वाटते. व्हिनाइलला बंधही नको आणि तंतूही नको. वरून चिकटपट्टी लावून सर्व बेटे आहेत त्याच अंतरावर उचलायची, काचेवर बसवायची आणि पट्टी तेवढी सोलून काढायची. यंत्राने केलेली ही सोय मी मनःपूर्वक स्वीकारतो. संगणकातील ठरीव वळणाची अक्षरे मात्र मला रुचत नाहीत, आणि कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली अक्षरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ती रुचू नयेत असेच मला वाटते.

हाच ताव उलटा कापून जाळीच्या खालच्या अंगाला चिकटवला आणि वरून रबरी पट्टीने शाई ओढली की थोडक्या कापडी पिशव्यांची छपाई निभावते. पण माझे मन काचेकडेच ओढ घेते. उघड्या राहिलेल्या भागावर फ्लोराइडयुक्त लेप काही मिनिटे ठेवून धुतला की तेवढी काच दुधाळ होते. 1771 साली शेले या रसायनज्ञाने फ्लोराइडचे आम्ल तयार केले, तेव्हा त्या आम्लाने त्याचे काचेचे पात्रच खाल्ले. कातडीवर पडले तर वेदना पुष्कळदा उशिरा उमगते आणि तोवर ते आत हाडांतील कॅल्शियमपर्यंत पोहोचू पाहते. म्हणून त्या मुलाचे हातमोजे पाहून मला बरे वाटले.

काच मेहकरला परकी नाही. अकबराच्या अमदानीत मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे सुभ्याच्या एका विभागाचे, मुख्य ठाणे होते, आणि अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत या सरकारातील लोणारचे वर्णन करताना, ब्राह्मण या क्षेत्रास विष्णुगया म्हणतात असे नोंदवून लगेच पुढे, येथील डोंगरांत काच व साबण करण्याची सर्व सामग्री सापडते आणि सोऱ्याच्या कारखान्यांपासून सरकारजमा होते, असा तपशील दिला आहे. निव्वळ वाळू वितळवायची तर 1,700 अंशांच्या आसपास उष्णता हवी. खार मिसळला की ती पुष्कळ कमी उष्णतेत पाझरू लागते, आणि तो खार लोणारच्या सरोवराने फुकट पुरवला. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा निरनिराळ्या नावांनी त्याच्या प्रती ओळखल्या जात. त्याहून नवल असे की, जेथे हा खार साचतो ते सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर स्वतःच एका अग्निदिव्यातून जन्मले आहे: आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने येथील काळा कातळ क्षणार्धात वितळून त्याची काच झाली, आणि 1973 साली शास्त्रज्ञांनी हे विवर आघातजन्य असल्याचा पुरावा प्रसिद्ध केला, तेव्हापासून येथील खड्यांची तुलना चंद्रावरच्या खड्यांशी होत आली आहे. अबुल फजलला यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. पण तीर्थाचे माहात्म्य आणि साबणाची सामग्री एकाच दमात, एकाच मानाने लिहिणारी ती दृष्टी मला विलक्षण प्रिय आहे. हा मजकूर शाही दफ्तरात रुजू होण्यापूर्वी मेहकरच्या कचेरीतील एखाद्या कारकुनाने लोणारच्या काठाशी उतरून, खार उपसणाऱ्यांना, यंदा पापडी किती निघाली आणि कोणत्या पेठेत गेली, हे विचारलेच असेल.