सर्दावलेलं बी

मडकं लिंपण्याआधी आजी एक दाणा दाताखाली धरायची. 'कट्' वाजला तरच झाकण. दाणा दबला, तर हरभरा पुन्हा अंगणातल्या उन्हात. मग राखेत घोळलेलं बी मडक्यात, वर कडुनिंबाचा पाला, तोंडाला शेणमाती. बियाण्याच्या ज्वारीची टपोरी कणसं चुलीवर आढ्याला टांगलेली. धुरानं काळी होत, पण त्यांना कीड शिवत नसे. आभाळ भरलेलं असताना मडकं फोडायला मात्र ती कुणालाच देत नसे. "बी सर्दावतं, बाबा," एवढंच म्हणायची.

परवा जालन्यात एका बियाणे गोदामात गेलो होतो. लाकडी फळ्यांवर सोयाबीनच्या छातीइतक्या थप्प्या. बाहेर नुकतीच सर येऊन गेलेली, आत कोंदट, आणि पंखे बंद. मी म्हटलं, "लावा की पंखे." गोदाम सांभाळणारा पोरगा भिंतीवरच्या डबीकडे बोट दाखवत म्हणाला, "काका, आत्ता लावले तर बाहेरची ओल आत येईल. ही डबी आतली-बाहेरची दोन्ही हवा मोजते. बाहेरची कोरडी झाली की पंखे आपोआप सुरू होतात."

मी गप्प झालो. आजीचंच बोलणं होतं ते.

बी जिवंत असतं. श्वास घेतं, हवेतली ओल पितं. बियातला ओलावा 5 ते 14 टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर तो एका टक्क्यानं उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा ठोकताळा आहे. सोयाबीन तर फारच नाजूक: साल पातळ, पोटात तेल. आजीच्या शेतात ते नव्हतंच, आणि तिच्या राखेनं ते वाचलं असतं असं मला वाटत नाही. शिवाय तिची मडकी चार-पाच. इथे थप्पीच्या पोटातल्या पोत्यापर्यंत कुणाचा दात पोहोचणार? ही डबी प्रत्येक बियाणे गोदामात हवीच.

तरी एका खरिपात आमची तीन एकरांची पेरणी वाया गेली. पिशवीवर सगळे शिक्के होते. बी कुठे सर्दावलं, कळलं नाही. घरी तपासलं नव्हतं, ती चूक आमची.

तेव्हा मृगाआधी पिशवीतले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत ठेवा, गोणपाट वाळू देऊ नका. सोयाबीनचे निदान 70 उगवले, तरच तिफण जुंपा.