खाचरातला लांडगा कोळी

चि. मुक्तास,


तुझे फोटो मिळाले. खाली एवढंच लिहिलंस, ‘आत्या, याचं नाव सांग.’ अर्धं उत्तर लगेच देते. हा लांडगा कोळी, लायकोसिडी कुळातला, आणि त्यातही पार्डोसा या प्रजातीतला. इथवर मी पैज लावायला तयार आहे. पुढचं, जातीचं नाव, पार्डोसा स्यूडोॲन्युलाटा असावं. भाताच्या खाचरात भारतापासून जपानपर्यंत हाच सर्रास दिसतो. पण हे ‘असावं’ पुसायचं, तर वरून काढलेला फोटो कितीही स्वच्छ असला तरी पुरत नाही.

कूळ ठरतं ते डोळ्यांवरून. तुझ्या पहिल्या फोटोत तोंड समोर आलंय, ते मोठं करून बघ. खालच्या ओळीत चार बारीक डोळे, त्यांच्या वर दोन टपोरे, आणि आणखी मागे, माथ्याकडे, दोन मध्यम. ही मांडणी दिसली की लांडगा कोळी. रात्री विजेरी स्वतःच्या कपाळाशी धरून बांधावर उभी राहा, रोपांच्या बुंध्याशी हिरवट ठिणग्या लुकलुकताना दिसतील. यांच्या डोळ्यांत उजेड परतवणारा पडदा असतो. शिकार रात्रंदिवस पळून आणि झडप घालून करायची, जाळं विणून वाट बघत बसायचं नाही, तेव्हा डोळे असे लागणारच. (बांधावरच्या गवतात सकाळी दवाने भिजलेली, नरसाळ्यासारखी जाळी दिसतात ना? ती हिप्पासाची. तोही लांडगा कोळीच, पण जाळं विणणारा. निसर्ग आपल्या व्याख्या वाचून वागत नाही.)

पार्डोसा कशावरून? समोरून पाहिलं तर डोकं उंच आणि दोन्ही बाजू उभ्या. पाय सडपातळ, त्यांवर लांब काटे, आणि पायांची चौथी जोडी सगळ्यांत लांब. दुसऱ्या फोटोतली मादी पोटाच्या टोकाला अंड्यांची पिशवी लावून पळतेय. मसुराच्या दाण्यासारखी चपटी आहे बघ. पिशवी सूतग्रंथींना चिकटवून वागवायची ही या कुळाची खूण. पायसॉरिडी कुळातल्या कोळिणी पिशवी जबड्यात धरून छातीखाली नेतात, त्यामुळे पिशवी कुठे आहे हे आधी बघायचं. पिल्लं बाहेर पडायच्या वेळी आईच पिशवीची शिवण फाडते, मग ती तिच्या पाठीवर चढून बसतात आणि काही दिवस तशीच फिरतात.

आता जात. तू लिहिलंयस ‘तपकिरी, छोटा’. एवढ्या वर्णनात निम्मी पार्डोसा मावतात. सुमात्राना, बिर्मानिका ही भावंडंही आपल्याकडे आढळतात. स्यूडोॲन्युलाटाच्या पाठीवर, डोक्याच्या बाजूला, फिकट पट्ट्यात जेवणाच्या काट्याच्या आकाराची गडद खूण असते आणि पोटावर पांढुरके ठिपके. तुझ्या फोटोत खूण आहे, म्हणून मी नाव घेतलं. पण रंग वयाप्रमाणे, कातीप्रमाणे बदलतो. खात्री पटते ती फक्त प्रौढ कोळ्याच्या जननेंद्रियांवरून. मादीच्या पोटाखाली, पुढच्या बाजूला, एक कडक पट्टी असते. तिचा आकार जातीगणिक वेगळा. नराच्या तोंडाजवळच्या दोन स्पर्शपादांची टोकं फुगीर असतात, त्यांची रचना तर त्याहून बोलकी. शेवटची कात टाकण्याआधीचा नरही फुगीर टोकांचा असतो, पण आत रचना तयार नसते. तिथे भलेभले फसतात. अपूर्ण वाढीच्या कोळ्याचं जातीचं नाव कोणी ठामपणे सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

मापही नीट घे. पाय धरायचे नाहीत. पोट खाण्याने आणि अंड्यांनी फुगतं, म्हणून पुढच्या टणक भागाची लांबी-रुंदी वेगळी लिही. तुझ्या फोटोतली मादी एकूण १ सेंटीमीटरच्या आसपास भरेल.

या कोळ्याचं पहिलं वर्णन १९०६ मध्ये ब्योसेनबर्ग आणि स्ट्रँड यांनी जपानी कोळ्यांवरच्या ग्रंथात केलं, टॅरेन्टुला या प्रजातीत. मग तो लायकोसात गेला आणि तिथून पार्डोसात आला. जुन्या शेतकी पुस्तकांत ‘लायकोसा’ दिसला तर गोंधळू नकोस. भारतातल्या लांडगा कोळ्यांसाठी टिकादर आणि मल्होत्रा यांचा ‘फॉना ऑफ इंडिया’ मालेतला १९८० चा खंड मिळव. त्यातली चित्रं शेजारी ठेवूनच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं.

आता शेतात फवारणी करणाऱ्या दादासाठी दोन शब्द, त्याला वाचून दाखव. फिलिपीन्समध्ये पीटर केनमोर यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिलं की कीटकनाशक मारलेल्या भातात तपकिरी तुडतुडे उलट वाढतात. तुडतुड्यांची अंडी रोपाच्या आत असतात, ती वाचतात. वर फिरणारे कोळी मरतात. अंडी फुटतात तेव्हा पिल्लांना खाणारं कोणी उरलेलं नसतं. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, ती याच अनुभवातून. मोठी पार्डोसा दिवसाला ५ ते १५ भक्ष्यं मारते, खोडकिड्याचे पतंगसुद्धा. दादाच्या फवारणीचं वेळापत्रक पंचांगासारखं आधीच ठरलेलं असतं. त्याला सांग, आधी चुडाच्या बुडाशी वाकून तुडतुडे किती आणि कोळी किती ते मोज, मग पंप उचल. शेतकऱ्याला एवढ्यासाठी जातीचं नाव लागत नाही. पार्डोसा ओळखता आला तरी पुरे.

तुला मात्र नाव हवंय, तर आधी वर्णन पाठव. कुठे होता, पाण्यावर पळाला की पानावर चढला, जिवंतपणीचे रंग कसे होते, हे सगळं. अल्कोहोलमध्ये रंग उतरतात. मग एक प्रौढ नर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेव. जागा, तारीख आणि तुझं नाव लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाक, पेन्सिलने लिहिलेली, कारण शाई विरघळते. पिशवी किंवा पिल्लं घेतलेली मादी मात्र अजिबात धरू नकोस. एक नर पुरेल.

तुझी,
आत्या