चांगल्या माणसांचा पक्ष

चि. सुहास,


तुझं पत्र पोचलं. तुमच्या नव्या पक्षात दोन डॉक्टर, एक सीए, एक निवृत्त सनदी अधिकारी. पक्षाच्या घटनेचा मसुदाही तयार. वाचलं आणि लगेच स्वतंत्र पक्ष आठवला.

१९५९च्या जानेवारीत काँग्रेसने नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला. त्याला विरोध म्हणून त्याच वर्षी राजाजींनी, वयाच्या ८०व्या वर्षी, हा पक्ष काढला. सोबत मिनू मसानी, एन. जी. रंगा, कन्हैयालाल मुन्शी. एवढी वाचलेली माणसं एका व्यासपीठावर क्वचितच दिसतात. जेआरडी टाटांनी १९६१मध्ये नेहरूंना सरळ पत्रच लिहिलं, की आम्ही काँग्रेसबरोबर यांनाही देणगी देणार. आणि उद्योगांवरच्या परवान्यांच्या जाचाबद्दल, म्हणजे परमिट-राजबद्दल, ही मंडळी जे बोलत होती, ते देशाला १९९१च्या आर्थिक सुधारणांच्या वेळी पटलं.

पण मतं? ती राजवाड्यांची. १९६२मध्ये जयपुरात पक्षाच्या उमेदवार गायत्रीदेवींना २,४६,५१६ पैकी १,९२,९०९ मतं पडली. ती परवानापद्धतीविरुद्ध पडली असं तुला वाटतं का? लोकांनी महाराणीला मत दिलं. विचार मसानींचा आणि मतदार संस्थानिकांचा, असा तो संसार. १९६७मध्ये ४४ खासदार आले, लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. ओरिसात मुख्यमंत्रीही यांचाच, तोही माजी महाराजा. इंदिराबाईंच्या लाटेत १९७१ला उरले ८. १९७४ला पक्ष चरणसिंगांच्या लोकदलात विरला.

आपल्याकडे महाराष्ट्रात तर त्यांचं खातंच उघडलं नाही. पक्षाचं स्थापनेच्या वेळचं अधिवेशन मुंबईत भरलं, पण गावोगावी साखर कारखाने आणि सोसायट्या काँग्रेसच्या हातात, आणि काँग्रेसवर चिडलेला शेतकरी शेतकरी कामगार पक्षाकडे (शेकाप). मसानींच्या विचारांना तिथे जागाच नव्हती. (ते स्वतः निवडून आले ते राजकोटहून!)

जाता जाता: पक्ष नोंदवायचा तर पक्षाच्या घटनेत समाजवादाशी निष्ठेचं कलम घालावं लागतं, १९८९पासून. समाजवादाला विरोध करणाऱ्या राजाजींना आज पक्ष नोंदवताच आला नसता. सीएंना सांग, मसुदा तपासून घ्या.

मी तुम्हाला नाउमेद करत नाही. पण जाहीरनामा मला पाठवू नकोस. तुमच्या तालुक्यात मतदानाच्या दिवशी सकाळी सातला बूथवर कोण कोण बसणार, त्यांची नावं पाठव. ती यादी आली की माझी वर्गणी लगेच पोचेल.

तुझा,
काका