रात्रीचा पेला

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी एकदा चक्क गायींना सलाईन लावलं होतं. शिरेतून एक खूण केलेलं अमिनो आम्ल सोडलं, ते दुधात उतरलं, त्या दुधातून केसीन वेगळं काढलं आणि ते तरुण मुलांना झोपण्याआधी प्यायला दिलं. खूण कशासाठी, तर रात्रभरात त्या केसीनचं शरीरात काय होतं याचा माग काढता यावा म्हणून. १६ मुलं. संध्याकाळी आठला वजनं उचललेली, साडेअकराला पेला रिकामा करून झोपलेली. झोपेत रक्ताचे नमुने घेतले, मांडीच्या स्नायूचा कण सुईने काढला. २०१२ साली निष्कर्ष छापून आला: ४० ग्रॅम केसीन घेतलेल्यांच्या स्नायूंची रात्रीतली बांधणी, बिनप्रोटीनचं पेय घेतलेल्यांपेक्षा साधारण २२ टक्क्यांनी जास्त.

तुमच्या फोनवर रात्री अकराला जो उघडाबंब मुलगा डबा दाखवून ‘झोपण्याआधी हे घ्या’ म्हणतो, त्याच्या मागे कुठेतरी त्या गायी उभ्या असतात. त्याला त्या माहीत असतात की नाही, कोण जाणे.

मला हे वाचताना हसू आलं, कारण आमच्या घरात हा प्रयोग माझ्या जन्माच्या कितीतरी आधी झालेला होता. आजोबा कोल्हापूरच्या तालमीतले. पहाटे जोर-बैठका, माती, संध्याकाळी पुन्हा मेहनत, आणि झोपताना पितळी तांब्यातून लिटरभर म्हशीचं दूध. त्याला कुणी प्रोटीन म्हणत नव्हतं, खुराक म्हणत. शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि या गावाच्या बोलण्यात खुराक हा शब्द कायमचा मुरला. दूध, तूप, थंडाईसाठी रात्रभर भिजवलेले बदाम. गंगावेशीत अजून संध्याकाळी म्हशी आणून समोर धार काढून देतात, आणि माणसं फेसासकट पेला संपवून मिशी पुसत घरी जातात.

आता हिशेब करू. म्हशीच्या लिटरभर दुधात साधारण ३६ ते ४० ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे मास्ट्रिख्टचा पेला आणि आजोबांचा तांब्या जवळजवळ एका मापाचे निघाले! दुधातल्या प्रोटीनचा साधारण ८० टक्के भाग केसीन, उरलेला व्हे. दही टांगून ठेवलं की फडक्यातून जी हिरवट-पिवळी निवळ गळते, तिच्यात हे व्हे असतं. आई त्या पाण्यात चपातीची कणीक भिजवायची. जिममध्ये त्याचीच भुकटी दोन किलोच्या डब्यातून विकतात आणि डबा ठेवायला कपाट पुरत नाही. फडक्यात राहतं ते मुख्यतः केसीन. पोटातल्या आम्लाने ते फाटतं, त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या सावकाश पचतात, त्यामुळे अमिनो आम्लं रक्तात तासन्‌तास हळूहळू झिरपत राहतात. रात्रीसाठी केसीन म्हणतात ते यासाठी.

तांब्याची ही गोष्ट घरात अभिमानाने सांगतात. पण मला लहानपणापासून तिच्यातली दुसरीच एक वस्तू दिसायची. पातेलं. दूध आजोबांच्या तांब्यात जायचं, पातेल्याच्या बुडाला लागलेली खरवड आजीच्या वाट्याला. पुढच्या पिढीत तांब्याचा स्टीलचा पेला झाला आणि तो माझ्या भावाकडे गेला. “पोराला उंची पाहिजे,” असं कारण असायचं. खरवड चमच्याने खरडून खाणारी आता आई होती. आजी आणि आई दोघींनाही ती आवडते. खोटं नाही ते. मलाही आवडते. पण आवड आणि वाटा या दोन गोष्टी आमच्या स्वयंपाकघरात इतक्या एकत्र शिजल्यात की आता वेगळ्या काढता येत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली. डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आले आणि दोन महिने तिथूनच काम केलं. प्लॅस्टर कापलं त्या दिवशी आतून जो हात बाहेर आला तो बघून आम्ही दोघीही क्षणभर काही बोललो नाही. कोपराखालचा भाग दुसऱ्या हाताच्या निम्मा वाटत होता. कातडी सैल, सुकलेली. “काडी झाली की गं,” एवढंच म्हणाली ती. न वापरलेला स्नायू किती झपाट्याने वितळतो हे मी वाचलेलं होतं. आठवडाभर आजारी पडून जिमला परत गेलं की बार जड लागतो, तेही माहीत होतं. पण आईचा हात म्हणजे काही माझा स्क्वॉट नव्हे.

फिजिओथेरपिस्टने चेंडू दाबायला दिला, मनगटाचे व्यायाम शिकवले, आणि जाता जाता म्हणाले, “खाण्यात प्रोटीन वाढवा.” हे वाक्य आपल्याकडे सगळ्यांना सगळे सांगतात. कुठून वाढवा, हे कुणी सांगत नाही.

म्हणून मी चार दिवस आईचं ताट बघितलं. तिला न सांगता. सकाळी चहा आणि दोन खारी. दुपारी, सगळ्यांचं झाल्यावर, दीड-दोन भाकरी, भाजी, आणि आमटीच्या भांड्यात उरलेलं वरचं पाणी. डाळ तोवर इतरांच्या ताटात गेलेली. रात्री एक भाकरी, थोडा भात, ताक. सोमवारी आणि गुरुवारी उपास, म्हणजे साबुदाणा, आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नाहीच. शेंगदाण्याचं कूट होतं म्हणून बरं. भाकऱ्यांचं धरून, आमटीच्या पाण्याला उदार मनाने तीन ग्रॅम देऊनही बेरीज तिशीच्या आसपास अडकली. तिचं वजन ५२ किलो. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली निरोगी प्रौढासाठी सांगितलेलं प्रमाण किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे तिच्यासाठी ४३. हे धडधाकट माणसाचं झालं. हाड सांधताना आणि स्नायू परत उभा करताना याहून जास्त लागतं.

त्या घरात त्याच आठवड्यात मी रोज शंभर ग्रॅम मोजून खात होते.

भूल पडते ती इथे. रात्रीचा पेला ही जादू आहे असं वाटतं. २०१५ साली त्याच मास्ट्रिख्टच्या गटाने ४४ तरुणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग केला. रोज झोपण्याआधी २७.५ ग्रॅम प्रोटीन घेणाऱ्यांची ताकद आणि मांडीचा स्नायू जास्त वाढला. पण समोरच्या गटाला मिळालं होतं बिनकॅलरीचं पेय. म्हणजे पहिल्या गटाने दिवसभरातही एकूण जास्तच प्रोटीन खाल्लं. मग श्रेय रात्रीचं की बेरजेचं? २०१८ साली दुसऱ्या एका चमूने ३५ ग्रॅम केसीन काहींना दिवसा आणि काहींना रात्री देऊन दहा आठवडे बघितलं. दोन्हीकडे वाढ सारखीच. माझं मत विचाराल तर बेरीज आधी, घड्याळ नंतर. दिवसभर पोटभर डाळ, अंडी, मासे, पनीर खाणाऱ्याने रात्री पेला नाही घेतला तर काही बिघडत नाही. महागडी केसीनची भुकटी तर नकोच. पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळाच म्हटलंय.

वयस्कांचाही एक प्रयोग आहे, २०१७चा. सत्तरीच्या आसपासची ४८ माणसं. तिथे रात्रीच्या २० ग्रॅमने ठळक फरक दिसला नाही, ४० ग्रॅमने दिसला. वय वाढतं तसा स्नायू थोडा बहिरा होतो, त्याला मोठ्याने हाक मारावी लागते. हा प्रयोग वाचताना मी तक्त्यात बायका शोधल्या. सगळे पुरुष. आधीच्या १६ जणांत पुरुष, ४४ जणांतही पुरुष. खरवड खाणाऱ्या बाईच्या मांडीत या तिन्ही ठिकाणी कुणी सुई खुपसली नव्हती.

तरीही आईसाठी मी रात्रच निवडली. कारण शरीरशास्त्राचं नव्हतं, घराचं होतं. सकाळी ती उभी असते. दुपारी सगळ्यात शेवटी बसते आणि जेवताना तीनदा उठते. संध्याकाळी कुणीतरी येतं. साडेनऊला ओटा पुसला, गॅस बंद केला, की ती पहिल्यांदा स्वतःहून खुर्चीत बसते, आणि त्या वेळी घरातलं कुणी काही मागत नाही. एवढी एकच वेळ मला रिकामी सापडली.

पहिला अडथळा, तिला दूध चालत नाही. पोट फुगतं. चाळिशीनंतर अनेकांचं होतं असं, दुधातली साखर पचत नाही. म्हणून मी चक्का लावला. दही फडक्यात टांगलं की निवळीबरोबर बरीचशी साखर निघून जाते, उरलेली विरजणातल्या जिवाणूंनी आधीच थोडी संपवलेली असते. दीडशे ग्रॅमच्या वाटीत, घट्टपणाप्रमाणे, १२ ते १५ ग्रॅम प्रोटीन. वर मेतकूट, मीठ, चिमूटभर हिंग-मोहरीची फोडणी. श्रीखंडाच्या नावाखाली चक्क्यात साखर कोंबणाऱ्यांनी एकदा हे खाऊन बघावं.

दुसरा अडथळा आजी. “रात्रीचं दही खात्यात व्हय गं कुणी?”

“आजी, दही न्हाई, चक्का हाय.”

“आन् चक्का कशाचा असतोय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईनेच तोडगा काढला. म्हणाली, रात्री म्हणजे अकराला, साडेनऊ ही संध्याकाळच. तशीही खाऊन लगेच आडवं झालं की तिला जळजळ होते, त्यामुळे ही वेळ बरी पडली.

तिसरा अडथळा काकांचा फोन. प्रोटीनने किडनी जाते म्हणे. आईच्या डॉक्टरांना विचारलं, रक्ततपासणीत क्रिएटिनिन बघितलं, ठीक होतं. किडनीचा आजार आधीपासून असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नये. पण निरोगी बाई ३० वरून ५५ ग्रॅमवर गेल्याने किडनी जात नाही. दुपारच्या आमटीतली डाळ मी आता आधी तिच्या वाटीत काढते. हे मात्र चोरून करावं लागलं. तिने बघितलं की ती परत भांड्यात ओतते.

चक्क्याने हात भरला असं मी म्हणणार नाही. चेंडू तिने दिवसातून चार वेळा दाबला, ओला टॉवेल पिळला, हळूहळू पाण्याचा तांब्या उचलला. खाल्लेलं प्रोटीन ही वीट; गवंडी काम करत नसेल तर विटांचा ढीग नुसता पडून राहतो. पण अकराव्या आठवड्यात तिने परातीत पीठ मळलं आणि दोन्ही हातांनी भाकरी थापली. कडा फाटल्या. दुसरी बरी झाली. तिसरी गोल.

मी पुण्याला परतले. चक्का आता तीच टांगते, आणि निवळीत परत कणीक भिजवते. परवा व्हिडिओ कॉलवर ती खुर्चीत वाटी घेऊन बसली होती, शेजारी आजी. आजीच्या हातात चमचा होता.

“तू काय खातेस आजी?”

“काय न्हाई. चव बघतोय.”

“रोज बघत्यात,” आई म्हणाली. “मी आता दोन वाट्यांचं टांगतोय.”