चुनखडीचा उतार

अब्बांची कबर खोदताना हातभर खाली पांढरा थर लागला. खोदणारे म्हणाले, "सर, चुनखडी हाये. वेळ लागंल." जोहरनंतर ठरलेलं दफन असरनंतर झालं.

कबरस्तान आमच्या शेताला लागूनच, बालाघाटाच्या त्याच उतारावर. वर वीतभर माती, त्यात निम्मे दगड, खाली मुरूम नि कंकर. आपला काळा दगड झिजताना त्यातलं कॅल्शियम सुटतं. कोकणात ते पावसाबरोबर निघून जातं. आमच्याकडे पाऊसच कमी, म्हणून जमिनीतच चुना होऊन बसतं. बारीक माती मात्र ओढ्याला जाते.

अब्बांनी तिथं मोसंबी लावली. तिसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. ते आळ्यात हिराकस टाकत राहिले. चुनखडीत सामू आठच्या वर जातो, मग मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि वरून टाकलेला हिराकसही वाया जातो. हे मी फार उशिरा वाचलं. तोवर "तुम्ही पाणीच नीट देत नाही" म्हणून त्यांच्याशी भांडत होतो. बीएड झालेला मुलगा!

बांधावर कुणी न लावलेली सीताफळं मात्र दरसाल लगडतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्बा ती शेजारपाजारी वाटून टाकत.

कबरीवर तीन मुठी माती टाकताना एक कंकर बोटांत राहिला. घरी आल्यावर त्यावर लिंबू पिळलं. बारीक फेस आला.